खुर्चीखालचा कप

देवपूर, धुळे
८ जानेवारी १९९६

श्री. जीवराम पाटील यांस,

नमस्कार घातला आहे असं समजा. मनातून घातलेला नाही.

मी यमुना. साक्रीजवळच्या पिंपळखेड्याच्या उखर्डू नानांची मुलगी. गेल्या महिन्यात तुम्ही, तुमचे आबा आणि तुमचे काका मला बघायला मुक्ताईनगरहून एवढं लांब आला होता. सुपडूमामांनी तुमच्या स्थळाचा कागद आणला होता, त्यावरून हा विद्यापीठाच्या वसतिगृहाचा पत्ता उतरवून घेतला. मुलीनं असं पत्र लिहू नये हे मला ठाऊक आहे. ते शिकवण्यासाठी उत्तर लिहू नका.

मला एकच विचारायचं आहे. माझ्या चहात काय वाईट होतं?

तुमच्या आबांनी दोन कप घेतले. काकांनी बशीत ओतून असे भुरके मारले की मधल्या घरात ऐकू येत होते. आणि तुम्ही? कप हातात घेतला, फुंकर मारली, ओठाला लावल्यासारखं केलं आणि सगळे कपाशीच्या भावात रंगलेले बघून हळूच खुर्चीखाली सरकवला. वर दोन तांबे पाणी प्यालात. मी दाराआडून सगळं पाहिलं. तुम्ही गेल्यावर माय झाडायला वाकली तर कप काठोकाठ भरलेला आणि वर जाड साय. तिनं तो उचलून आत नेला, पण नानांनी पाहायचं ते पाहिलंच. त्यानंतर आठ दिवस नाना जेवताना कुणाशी बोलले नाहीत.

मी सावळी आहे, दात जरा पुढे आहेत. घरात आरसा आहे आमच्या. नाही म्हणायचं होतं तर खुशाल म्हणायचं. पण चहाचा अपमान कशाला? इथे होस्टेलात माझ्या हातच्या चहासाठी मुली कप घेऊन रांगेत उभ्या राहतात.

उत्तर दिलंत तर पाकिटावर बाईचं नाव घाला. आमच्या रेक्टर मंजुळाबाई पाकीट उजेडात धरून बघतात.

यमुना

देवपूर, धुळे
२४ जानेवारी

श्री. जीवराम,

तुमच्या ‘सौ. बेबाबाई’चं पत्र मिळालं. मंजुळाबाई म्हणाल्या, “तुझ्या आत्याचं अक्षर भारी पुरुषी गं!” मी म्हटलं, “आत्या शेतात राबते हो.” नाव बरं शोधलंत. खरंच आत्या आहे की मनातलं आहे?

आता तुमच्या कारणाकडे येते. छातीत जळजळ होते, वाकलं की घशाशी आंबट येतं, जळगावच्या डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून पाहिलं, आत सूज निघाली आणि चहा-कॉफी कायमची बंद केली. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी दिवसाला बारा-बारा चहा प्यायचा आणि परीक्षेत काळी कॉफी, तीही उपाशीपोटी. राग मानू नका, पण हे मला पटत नाही. छातीतली जळजळ हे म्हाताऱ्यांचं दुखणं. चोवीस वर्षांच्या माणसाला ते होतं हे मी आजच ऐकते आहे. बरं, झालं असेल तर तिथेच सांगायचं होतं, “मला चहा चालत नाही.” एवढे चार शब्द बोलायला काय झालं होतं? तुम्ही लिहिता की आबांना अजून सांगितलेलं नाही, म्हणून त्यांच्यासमोर बोलता येईना. वा! बापापासून लपवायचं आणि माझ्या बापाला कप दाखवायचा!

तुम्ही विचारलंत, एक कप ठेवला त्यात एवढं काय झालं. घ्या, सांगते. आमच्या भाऊबंदकीत तोंडानं नाही म्हणत नाहीत. मुलीच्या हातचा चहा मुलानं प्याला की होकार. ठेवला की नकार. मग कुणी कुणाला काही विचारत नाही आणि कुणाला मान खाली घालावी लागत नाही. मुलाचं घर बघायला गेल्यावर मुलीच्या बापालाही तीच रीत. तिथला चहा घेतला की बोलणं पक्कं. तुमच्या मुक्ताईनगरकडे असं काही नसतं हे मला तुमच्या पत्रावरून कळलं. सुपडूमामांना विचारलं तर म्हणतात, “मला वाटलं, बठ्ठ्या गावांत असंच राहतं!” मध्यस्थ असावा तर असा.

म्हणजे तुमचे आबा तिकडे रोज पोस्टमनची वाट बघत बसले, आणि आमचे नाना इकडे अपमान गिळत बसले. नानांनी मामांकडे निरोपही दिला की मुक्ताईनगरचं नाव पुन्हा काढायचं नाही.

हे सगळं तुम्ही खरं बोलत असलात तर. मी अशी कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही. आमच्या होस्टेलात आम्ही बेचाळीस जणी आहोत. उद्यापासून एकेकीला गाठून पाच प्रश्न विचारणार आहे. रोज चहा-कॉफी किती? उपाशीपोटी घेता का? छातीत जळजळ होते का? झाली की काय घेता? घरी सांगितलंय का? एवढ्या पोरींतून एकीलाही होत नसेल तर तुम्ही थापाडे.

यमुना

देवपूर, धुळे
१३ फेब्रुवारी

जीवराम,

तुम्ही थापाडे नाही. चुकलं माझं.

बेचाळीसपैकी सव्वीस. मी वही तीनदा तपासली. सव्वीस पोरी छातीत आग घेऊन वर्गात बसतात आणि मला पत्ता नाही! पलंगाखाली लपवलेल्या हीटरवर, डालड्याच्या डब्यात आम्ही दिवसभर चहा उकळतो, तो घेऊन पहाटे अभ्यासाला बसतो, नाश्त्याला दांडी मारतो आणि परीक्षा आली की चमच्यानं कॉफीची पूड खातो. कुणी उशीखाली खायचा सोडा ठेवते, कुणी मेसमधून थंड दूध मागून आणते. मेसच्या धनीबाई तर मला म्हणाल्या, “तुम्ही शिकेल पोरी, आन् पोटात काळं पाणी वतता. आधी भाकर खा ना!” त्या स्वतः चहाला शिवत नाहीत. सातपुड्यातल्या आहेत, साठीला आल्या, अजून मोठमोठी पातेली एकट्या उतरवतात.

पण मला रडू आलं ते पाचव्या प्रश्नाला. घरी सांगितलंय का? सव्वीसच्या सव्वीस जणींनी नाही म्हटलं. माझ्या शेजारच्या पलंगावरची गुंता म्हणाली, “घरी कळलं तर म्हणतील, शिक्षण झेपत नाही हिला, आणा परत.” तिच्या गावातून कॉलेजात आलेली ती पहिली मुलगी. तिनं एवढं बोलून तोंड फिरवलं, आणि मला एकदम तुम्ही आठवलात. आबांसमोर कप हातात धरून बसलेले.

म्हणून त्या दिवशीचं सगळं माफ. तुमची माहिती पत्रातून उचलून त्रेचाळिसावी ओळ भरली आहे.

आता माझा कबुलीजबाब. त्या सव्वीसांत एक मी आहे. मलाही होतं, दोन वर्षं झाली. मी तुम्हाला म्हाताऱ्यांचं दुखणं म्हणून हिणवलं तेव्हा माझ्या घशाशी आंबटच आलेलं होतं. आणि दुसरं. तुमच्यासाठी केलेल्या चहात मी चार चमचे पावडर जास्त टाकली होती. मुलगा विद्यापीठात शिकतो, त्याला कडक लागत असेल असं वाटलं. तो चहा तुम्ही प्याला असतात तर तुमचं काय झालं असतं कोण जाणे. आबांनी दोन कप घेतले, ते ठीक आहेत ना?

मी चहा सोडला आहे. आज नववा दिवस. डोकं दुखतं, सगळ्यांवर खेकसते. पण काल परवापासून जळजळ कमी आहे. तुम्ही सकाळी उठल्यावर काय खाता? लिहा. रात्रीचं जेवण लवकर घ्या, जेवल्या जेवल्या आडवे होऊ नका. आणि आबांना सांगा. मुलगा अशक्त आहे असं नाही म्हणणार ते. तुम्ही दोन तांबे पाणी प्यालात तेव्हा त्यांनी तुमच्याकडे कसं पाहिलं ते मला दाराआडून दिसलं होतं.

यमुना

पिंपळखेडे
६ मार्च

जीवराम,

होळीला घरी आले आहे. हे पत्र गोठ्यात बसून लिहिते आहे. बेबाबाईंच्या पत्रात तुम्ही आबांना सांगितल्याचं वाचलं आणि फार बरं वाटलं. ते नुसते “मग दूध पी” एवढंच म्हणाले? बघा! आणि तुम्ही सात महिने घाबरत होतात.

इकडचं मात्र बरं नाही. नानांनी शिरपूरचं स्थळ काढलं आहे. मुलाचं ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. ती माणसं मला बघून गेली. मुलानं कप रिकामा केला, वर म्हणाला, “आणखी अर्धा चालेल.” माणूस वाईट नाही. वाईट असता तर भांडायला बरं पडलं असतं. आता नाना घर बघायला शिरपूरला जाणार, तिथे चहा घेणार, की झालं. एप्रिलात आखाजीचा सण झाला की लगेच लग्न.

मी मायला सगळं सांगितलं. तुमची जळजळ, डॉक्टर, पत्रं, सगळं. ती आधी पत्रांवरून मला चांगलं बोलली. मग पीठ मळता मळता म्हणाली, “आमच्या वेळी चहा कुठला गं? मनी सोयरीक तर गूळपाण्यावर व्हयनी.” म्हणजे ही आपली थोर रीत चहाच्या पुडीबरोबर गावात आली आहे!

नानांना समोरासमोर सांगायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून वही काढली. म्हटलं, नाना, कॉलेजचं काम आहे, पाच प्रश्न आहेत, उत्तरं द्या. नाना म्हणजे आमच्या पंचक्रोशीतला सोयरिकी जुळवणारा माणूस. आज या घरी, उद्या त्या घरी, आणि जाईल तिथे चहा, कारण नाही म्हटलं की समोरच्याचा अपमान. मी पहिला प्रश्न विचारला तर बोटं मोजता मोजता थांबले. तिसरा विचारला, “छातीत जळजळ होते का?” तर ताडकन उठले. म्हणाले, “माले काय धाड भरनी? पोरींना हेच शिकाडतंस का कॉलेजमा?” आणि बाहेर गेले.

माय हसली, पण तिचे डोळे भरले होते. तिनं मला देवळीतला डबा काढून दाखवला. खायचा सोडा. ती म्हणाली, कितीतरी वर्षं झाली, रोज निजताना एक चिमूट पाण्यात घालून घेतात आणि तिला सांगतात की दात घासायला लागतो.

ज्या दुखण्यावरून नाना तुमच्यावर रुसले आहेत, तेच दुखणं ते डब्यात लपवून बसले आहेत. मी काय करू ते सांगा.

नाही, ते सांगू नका. तुम्ही मागच्या पत्रात लिहिलंत तसलं तर मुळीच नाही. म्हणे, “मी पिंपळखेड्याला येतो आणि नानांसमोर तीन कप पितो.” खबरदार! नळी घालून पाहिलेलं पोट आहे ते. तुमचं आतडं जाळून मला सोयरीक नको. मला तुम्ही धडधाकट हवे आहात. लिहिलं ते लिहिलं. आता खोडत नाही.

यमुना

देवपूर, धुळे
२८ मार्च

जीवराम,

घाईत लिहिते. रविवारी नाना आणि सुपडूमामा शिरपूरला जात आहेत.

परवा नाना साक्रीच्या बाजारातून परस्पर इथे आले होते. मी सगळं बोलले. म्हटलं, नाना, त्या मुलाला चहा चालत नाही, त्यानं मला नाकारलेलं नाही, आणि मला त्याच घरी जायचं आहे. नाना ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, “माणसं येईल शेत, शिरपूरले शब्द जायेल शे. आते मागे कसं फिरू?” आणि मंजुळाबाईंनी पुढे केलेला चहा पिऊन निघून गेले. पिताना एकदा छातीवर हात गेला त्यांचा.

मी नानांच्या शब्दाबाहेर जाणार नाही. गेले तर गुंताच्या गावापासून माझ्या गावापर्यंत सगळे म्हणतील, पोरी शिकवल्या की अशा होतात, आणि तिच्यासारख्या चारजणींची कॉलेजं बंद होतील. तुम्ही मला भित्री म्हणा. पण एक सांगते, मला तुम्ही आवडला होता तेव्हाच. कप खुर्चीखाली ठेवताना तो सांडू नये म्हणून तुम्ही किती जपून ठेवला होता! ज्याला नाकारायचं असतं तो एवढं जपत नाही. हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं.

आता पत्र पाठवू नका. सोमवारनंतर बेबाबाईंचं अक्षर बघणं मला जमणार नाही. औषध वेळेवर घ्या.

यमुना

देवपूर, धुळे
३१ मार्च, रविवार

अहो,

गुरुवारी पत्र पाठवू नका असं लिहिलं होतं. पाठवा. लगेच पाठवा, आणि स्वतःच्या नावानं पाठवा.

आज चार वाजता मला खाली बोलावलं. बघते तर भेटायला आलेल्यांच्या बाकावर नाना आणि सुपडूमामा. शिरपूरहून साक्रीला जाताना मध्येच उतरलेले. मामांचं तोंड एवढंसं झालं होतं. मला वाटलं, झालं, पेढे घेऊन आले. पण हातात पिशवी नव्हती.

मामाच बोलायला लागले. “यमे, काय सांगू तुला! घर चांगलं, दुकान चांगलं, माणसं चांगली. ताट आलं, चहा आला. बठ्ठ्यांनी कप उचलला. नानांनी पण उचलला. फुंकर मारली. मी म्हटलं, चला, जमलं. आन् नानांनी तो कप हळूच खाली ठेवला, खुर्चीखाली! मी कोपरानं ढोसलं, म्हटलं, नाना, घोटभर तरी घ्या, रीत शे. तर हे त्या लोकांना काय म्हणाले ते विचार यांनाच.”

मी नानांकडे पाहिलं. नाना कोपऱ्यातल्या नळाकडे बघत म्हणाले, “मी त्यासले सांगं, भाऊहो, राग मानू नका. तुमनी काही चूक नही. मना छातीमा आग पडस. माले चहा चालत नही.”

त्या माणसांना जे समजायचं ते समजलं. मुलाचा बाप भला माणूस, तो म्हणाला, “मग पाणी घ्या नाना,” आणि दारापर्यंत सोडायला आला.

नानाच पुढे म्हणाले. त्यांचं बोलणं आहे तसं लिहिते. “पंचवीस वरीस व्हयनात, मी जाई त्या घरमा चहा पी ऱ्हायनू. एक बी कप ठेवाची माले हिंमत व्हयनी नही. त्या पोऱ्यानी पहिल्याच दिनले ठेवी दिधा. मी त्याना राग धरा, आन् राग धरतांना बी सोडा खाई ऱ्हायनू व्हतू.”

मग म्हणाले, “तुनी ती वही आन.”

मी धावत वर गेले आणि वही आणली. बाकावर नानांच्या शेजारी बसले. चव्वेचाळिसावी ओळ. नानांनी सगळी उत्तरं दिली, शाळेतल्या मुलासारखी, गुडघ्यावर हात ठेवून. रोज किती? बारा-पंधरा. उपाशीपोटी? हाव. जळजळ? हाव. काय घेता? सोडा. आणि इथे मामांकडे चोरून बघितलं. मग मी पाचवा प्रश्न विचारला. घरी सांगितलंय का?

नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “आते सांगी ऱ्हायनू ना, मनी आंडेरले.” आमच्याकडे लेकीला आंडेर म्हणतात.

अहो, मी भर होस्टेलात, मंजुळाबाईंच्या देखत, मोठ्यानं रडले. चव्वेचाळीस ओळींत त्या रकान्यात ‘हो’ लिहिलेल्या आता दोनच ओळी आहेत. एक नानांची, एक तुमची. परीक्षा झाली की मी माझीही बदलणार आहे. गुंता मघाशी शाई आणि आंतर्देशीय पत्र मागून घेऊन गेली. काय लिहिते आहे ते मी विचारलं नाही.

नाना आणि मामा आज धुळ्यातच मुक्काम करतात, उद्या नानांना डॉक्टरांकडे नेणार आहे मी. मोसंबीच्या रसावरून आत्ताच भांडण झालं, तोही आंबट असतो हे त्यांना पटत नाही.

आता निरोप. नानांनी सांगितला तसा देते. आखाजीच्या आत आबांना आणि काकांना घेऊन पिंपळखेड्याला यायचं. चहा मिळणार नाही. माय गूळपाणी ठेवेल. तुम्हाला ते संपवावं लागेल, तळाचा गूळसुद्धा, कारण नाना बघत असतील आणि मी दाराआडून बघत असेन. आणि नाना म्हणाले की त्या खुर्चीखाली काही ठेवता येणार नाही, तिथे ते स्वतःचा पाण्याचा तांब्या ठेवणार आहेत.

मुक्ताईनगरहून साक्री लांब आहे. पहाटेची गाडी धराल. उपाशीपोटी निघू नका.

तुमची
यमुना